माणिकपूरचं रोमँटिक डिनर

चार प्राध्यापक चर्चेला एकत्र आले की मतभेद होतात, आणि जेवायला एकत्र आले की किस्से! आमचं मंडळ इंग्रजी रोमँटिक साहित्याच्या अभ्यासकांचं. वसई-विरारच्या कॉलेजांत ही दोनशे वर्षांपूर्वीची, फुलापाखरांची आणि प्रेमाची कविता शिकवणारे, बरेचसे आता रिटायर झालेले. वर्षातून एकदा माणिकपूरच्या एका हॉलवर डिनर, आणि त्यात एखाद्या चांगल्या पुस्तकाला पुरस्कार. मी मंडळात सगळ्यात लहान, म्हणजे नुकतीच पन्नाशी ओलांडलेली! त्यामुळे किस्से सांभाळायचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

*

एका वर्षी हॉल बुक करायला आमचे अध्यक्ष लोपीस सर स्वतः गेले. मॅनेजरला म्हणाले, "रोमँटिकवाल्यांचं ॲन्युअल डिनर आहे. जरा नीट करा."

संध्याकाळी जाऊन बघतो तर काय! लाल फुगे, मेणबत्त्या, आणि प्रत्येक टेबलाला दोनच खुर्च्या! साठी-सत्तरीचे प्राध्यापक दारातच अवघडून उभे. कोणी कोणासमोर बसायचं?

सर विधुर. आमच्या सेक्रेटरी जोशी मॅडमनी लग्नच केलेलं नाही. शेवटचं टेबल नेमकं त्या दोघांच्या वाट्याला आलं.

मॅडम म्हणाल्या, "सर, आपण जन्मभर नुसतं शिकवलं. या माणसाने एका दुपारी करून दाखवलं!"

सर हसले. बाकीच्यांनी आपापल्या मेणबत्त्या फुंकून टाकल्या. सरांनी नाही.

*

जोशी मॅडम कवितेतल्या डॅफोडिलच्या फुलांवर तास तास बोलायच्या. पाहिली मात्र कधीच नव्हती. एका डिनरला त्यांचा जुना विद्यार्थी, आता वालीवच्या एका फॅक्टरीत सुपरवायझर, हातभर मोठा पिवळा गुच्छ घेऊन आला.

"मॅडम, डॅफोडिल!"

लांबूनच पाहून मॅडमचे डोळे भरून आले. मग जवळ गेल्या, वास घेतला.

"अरे, वास कसा नाही?"

"प्लास्टिकची आहेत, मॅडम. आम्हीच बनवतो. सगळा माल इंग्लंडला जातो!"

मॅडमनी एक पाकळी वाकवून पाहिली. "म्हणजे आपण इथे त्यांच्या फुलांसाठी झुरतोय, आणि ते तिकडे आपली लावून बसलेत!"

*

नाइटिंगेल हा कवितेतला गाणारा पक्षी लोपीस सरांनी नोकरीभर शिकवला, पण ऐकला नव्हता. त्यांची एक विद्यार्थिनी इंग्लंडला असते. तिने तिथल्या बागेत उभं राहून त्याचं गाणं रेकॉर्ड करून पाठवलं.

डिनरला सरांनी मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला. कोणी चमचासुद्धा वाजवेना. सूप गार झालं. सर डोळे मिटून बसलेले.

तेवढ्यात वेटर आला. "साहेब, केव्हाचा फोन वाजतोय. घ्या ना!"

सर डोळे न उघडता म्हणाले, "घ्यायचा तेव्हा घेतला नाही रे. आता वाजू दे."

*

दर डिनरला एक ठराव ठरलेला: पुढच्या वर्षी इंग्लंडला, त्या कवींच्या सरोवरांच्या मुलखात जायचं! पासपोर्ट निघाले, मुदत संपून पुन्हा निघाले. आम्ही आपले वसईतच!

शेवटी मॅडम म्हणाल्या, "नायगावला माझ्या बाल्कनीतून खाडी दिसते. निदान ती तरी बघू या."

रविवारी सकाळी सगळे गेलो. मिठागराच्या बांधावर ओळीने उभे राहिलो, पाण्याकडे बघत. तिथे राबणाऱ्या एका आजोबांना काळजी वाटली.

"काय हरावलं का सायेब? पान्यात पडलं?"

सर म्हणाले, "पडलं नाही हो आजोबा. मिळालंच नव्हतं."

*

आता यंदाचं. पुरस्कार जोशी मॅडमच्या पुस्तकाला होता. पण नायगावचा फ्लॅट सोडून त्या कायमच्या पुण्याला, भाचीकडे निघाल्या होत्या. हे त्यांचं शेवटचं डिनर.

कौतुकाचं भाषण अध्यक्षांचं. लोपीस सर एकदा बोलायला लागले की जेवण लांबतं, असा त्यांचा लौकिक! सर उठले. चष्मा लावला, काढला. "जोशी मॅडम..." म्हणाले, आणि पुढे आवाजच फुटेना. शाल दिली आणि बसले.

मॅडम म्हणाल्या, "सर, अशी भाषणं आधी केली असतीत, तर आम्हाला कधीतरी गरम जेवण मिळालं असतं!"

सगळे खो खो हसले. सर सोडून.

जेवणानंतर मी मॅडमसाठी रिक्षा थांबवली. सरही निरोप द्यायला खाली आले. त्यांचं घर समोरच्या चर्चच्या मागे, हाकेच्या अंतरावर. मॅडम आत बसल्या आणि म्हणाल्या, "नायगाव."

सर वाकले आणि आत जाऊन बसले!

मी म्हटलं, "अहो सर, तुमचं घर तर इकडे..."

"माहीत आहे मला," सर म्हणाले.

रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. "दोघांना पण नायगावच?"

मॅडमनी शाल आवरून सरांना नीट जागा करून दिली.

"हो," त्या म्हणाल्या. "पण जरा लांबच्या रस्त्याने घ्या."