बादलीत उतरलेली नीळ

त्या बादलीतले निळे पाणी मला अजून आठवते. तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे ठाणे माझ्याकडे होते.

सकाळीच एक दुकानदार तक्रार घेऊन आला. त्याची धाकटी मुलगी जुलाब-उलट्यांनी बेजार होऊन परभणीला दवाखान्यात होती. "साहेब, शेजाऱ्यानं आमच्या पाण्यात कायतरी कालवलंय. लय घाण वास यायलाय," तो म्हणाला. दोन घरांत भिंत एक आणि वैर जुने. त्यातच गल्लीतून खबर आली, की शेजारी काल भिंतीपाशी पांढरी पावडर टाकत होता. मला तेवढे पुरे झाले. गाडी पाठवून त्याला उचलून आणले.

तो शाळेत शिपाई होता. गुन्हा दाखल झाला तर नोकरीवर गदा येणार, हे त्याला कळत होते.

"पावडर कसली?"

"ब्लीचिंग हाय साहेब. भिंतीपाशी जमीन सुकतच न्हाई, वास मारायलीय. म्हणून टाकली."

तीनदा विचारले, तीनदा तेच उत्तर. खोटे बोलणारा दर वेळी जबाबात नवा मसाला घालतो. याच्या जबाबात मीठसुद्धा वाढले नाही. तेव्हा कुठे मी दुकानदाराला विचारले, "पाण्याला वास कधी येतो?"

"नळाला मोटर लावली की."

आमच्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी येतो, धारही बारीक. म्हणून लोक नळाला मोटर लावून पाणी ओढतात. सुदैवाने त्या दुपारी नळ येणार होता. दोन पंच घेऊन गेलो. मोटर बंद असताना पाणी स्वच्छ होते. मोटर सुरू केली आणि थोड्याच वेळात घाण वास सुटला. मी शिपायाच्या बायकोकडून कपड्यांच्या निळीची बाटली मागितली आणि ती तिच्या संडासात ओतून वर चार बादल्या पाणी टाकायला लावले. काही वेळाने दुकानदाराच्या बादलीत निळसर पाणी पडू लागले.

भिंतीपाशी खणले. संडासाचा पाइप तडकला होता. त्याच्याच खाली दुकानदाराच्या नळाचा जोड सैल झाला होता. मोटर ओढू लागली की जोडातून घाण आत शिरायची.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," हवालदार पुटपुटला. "माझीच मोटर माझ्या लेकीला घाण पाजायली होती, साहेब," म्हणून दुकानदार रडला. मुलगी पुढे बरी होऊन घरी आली.

ठाण्यात येऊन शिपायाला म्हणालो, "जा घरी." तो बाकावरून उठेना.

"साहेब, ज्या गाडीतनं आणलं, त्याच गाडीतनं दारापुढं सोडा. नेताना गल्लीनं बघितलंय, आणताना बी बघू द्या."

मला लाज वाटली. कोणी केले, हे शोधायच्या घाईत वास कधी येतो हा साधा प्रश्न मी उशिरा विचारला होता. तेवढ्यात एका माणसाची इज्जत रस्त्यावर आली होती. त्याला पुढच्या सीटवर बसवून मी मागे बसलो. गल्ली आली तेव्हा ड्रायव्हरला म्हणालो, "हळू घे."