हळदीचा कुकर नेटवर दिसेना

लग्न मोडून मी औरंगाबादहून आखाडा बाळापूरला माहेरी परत आले, तेव्हा घरात मला कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. माय ताटात न मागता भाकर वाढायची, आणि मी ओसरीत येऊन बसले की बाबांना काहीतरी काम आठवायचं. गल्लीतल्या बायका आधी "किती दिवस हायस?" म्हणून विचारायच्या. पुढे तेही विचारेनाशा झाल्या.

औरंगाबादला मी एका बियाण्यांच्या कंपनीत मार्केटिंगला होते. त्या जोरावर वारंगा फाट्यावरच्या एका वर्कशॉपात नोकरी मिळाली. तिथं हळद शिजवायचे कुकर बनायचे. मधे बॉयलर, त्यातून निघालेले वाफेचे पाइप आणि कच्ची हळद भरायच्या मोठाल्या टाक्या. कढईत उकळायला दिवस मोडायचा, तेवढी हळद यात वाफेवर लवकर शिजायची. आसपासच्या तालुक्यांत माल खपत होता. पण मालकांना तो लांब पाठवायचा होता. त्यासाठी त्यांनी नांदेडच्या एका माणसाकडून वेबसाइट करून घेतली होती.

पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "बाई, साइट तर केली. पण ती कोनाला दिसून काहून न्हाई राहिली?"

मी हळद शिजवायच्या यंत्राबद्दल शोधून पाहिलं. पानामागून पानं उलटली, आमची साइट कुठंच नव्हती. साइट असते एवढंच मला ठाऊक होतं. ती शोधात वर येते म्हणजे काय, ती कोण वर आणतं, हे काहीच माहीत नव्हतं.

माझी केबिन पत्र्याची होती. कामगार दुपारी लिंबाखाली डबे सोडायचे. सुरुवातीला मीही तिकडं गेले होते, पण मी गेले की चाललेल्या गप्पा थांबायच्या आणि जो तो आपल्या डब्यात बघायचा. मग मी आतच जेवायला लागले, एका हातानं घास आणि दुसरा हात माउसवर. नेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. ते चालू असलं की फोन बंद राहायचा. मालक बाहेरून येऊन ओरडायचे, "कवापासून लावून राहिलो, फोन काहून लागत न्हाई?" मी नेट तोडायची, फोन मोकळा करायची, आणि ते गेले की पुन्हा जोडायची. मोडेम किरकिर करून जोडला गेला की जिवाला बरं वाटायचं.

शोधता शोधता मला एक मंच सापडला. साइट वर कशी आणायची यावर तिथं जगभरातली माणसं इंग्रजीत प्रश्न विचारायची आणि उत्तरं द्यायची. शब्दकोश शेजारी ठेवून मी प्रश्न जुळवला आणि टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं. उत्तर देणाऱ्याला नाव नव्हतं, नुसती काही अक्षरं आणि आकडे. बाई की पुरुष, कळायला मार्ग नव्हता. त्यानं आधी विचारलं, "तुमच्या पानाचं शीर्षक काय आहे?"

मी पाहिलं. स्क्रीनवरच्या खिडकीच्या डोक्यावर 'अनटायटल्ड' असं लिहिलेलं होतं. म्हणजे आमच्या पानाला नावच दिलेलं नव्हतं.

त्यानं मला एकेक गोष्ट शिकवली. पानाला नाव दे. त्याखाली दोन ओळींत सांग की इथं काय मिळतं. फोटोलाही नाव दे, कारण शोधणाऱ्या यंत्राला चित्र दिसत नाही. आणि तुझं गिऱ्हाईक या वस्तूला काय म्हणतं, ते आधी ऐक. आमच्या साइटवर लिहिलं होतं 'कृषी प्रक्रिया उपकरणे'. मी फोनवर येणाऱ्यांचं बोलणं कान देऊन ऐकायला लागले. तसं कोणीच म्हणत नव्हतं. कोणी म्हणे "हळदीचा कुकर हाय का?", कोणी म्हणे "हल्दी उबालने की मशीन", कोणी "हल्दी बॉइलर". मी तेच शब्द इंग्रजी अक्षरांत पानावर घातले.

या माणसानं मला कधी विचारलं नाही की तू कोण, कुणाची, परत का आलीस. बाळापुरात हे मनात न ठेवता माझ्याशी बोलणारं कोणी उरलं नव्हतं. सकाळी फाट्याकडं जाणाऱ्या काळी-पिवळी जीपमध्ये दाटीनं बसलेली मी आज काय विचारायचं ते मनात घोळवत असायची.

महिने गेले, तरी साइट हलेना. मी ते लिहिलं. उत्तर आलं, "पानावरचं सगळं एकदम निवडून बघ."

मी तसं केलं. सगळं पान निळं झालं आणि खालच्या कोऱ्या पांढऱ्या जागेत अक्षरं उमटली. सिनेमातल्या नट्यांची नावं, क्रिकेट, लॉटरी, राशिभविष्य, ओळीमागून ओळी. नांदेडच्या माणसानं पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ते सगळं दडवून ठेवलं होतं, म्हणजे काहीही शोधणारा इकडं यावा. शोधणाऱ्या यंत्रानं ती लबाडी ओळखली होती आणि आम्हाला बाहेर काढलं होतं. मी मालकांना बोलावून दाखवलं. ते चष्मा लावून स्क्रीनवर वाकले.

"आपल्या कुकरखाली नट्या काहून?" ते म्हणाले. मग म्हणाले, "पुसून टाका समदं."

मी पुसलं, आणि लिहून कळवायला मंचावर गेले. आभार मानले. उत्तर आलं नाही. आठवड्यानं पुन्हा लिहिलं. पुढेही कधी आलं नाही. काय झालं असेल, हे विचारायचं तरी कुणाला? मी बरेच दिवस रोज सकाळी आधी तेच पान उघडायची.

पावसाळा सरता सरता एका दुपारी मी नेहमीसारखं 'हल्दी बॉइलर' टाकून पाहिलं आणि आमचं नाव सगळ्यात वर होतं. मी पुन्हा पाहिलं. मालक हिंगोलीला गेले होते. मला कुणाला तरी सांगायचं होतं. मी बाहेर गेले. म्हातारे मिस्त्री टाकीचा सांधा जोडत होते. मी उभी दिसल्यावर त्यांनी वेल्डिंग थांबवलं, काळा चष्मा कपाळावर सरकवला.

"चाचा, अपना पहला नंबर आया."

"अच्छा? तो इनाम मिला क्या?"

"नहीं. ऐसाच आया."

"अच्छा है, बेटा," ते म्हणाले, आणि चष्मा खाली ओढला.

घरी येऊन मायला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे चांगलं हाय ना?"

"व्हय."

"मंग खाऊन घे आता."

बाबा उंबऱ्यात बसले होते. त्यांनी ऐकलं असणार. या वेळी उठून गेले नाहीत.

लांबून फोन यायला त्यानंतर सुरुवात झाली. त्यातला एक ओडिशातल्या डोंगराळ भागातून आला. पलीकडं बाई होती. त्या वर्कशॉपात फोनवर बाईचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. गावातल्या बायकांचा त्यांचा गट होता, हळद पिकवत होत्या. तिची हिंदी मोडकी, माझीही मोडकीच. लाकूड किती लागतं, वाफेनं भाजेल का, बायकांना टाकी उलटी करता येईल का, सगळं तिनं विचारलं. शेवटी म्हणाली, "दीदी, आप उधर अकेली काम करती हो?"

मी दारातून वर्कशॉपाकडं पाहिलं. मग म्हणाले, "हां. अकेली."

"हम लोग भी ऐसेच," ती म्हणाली. त्या तर गटानं होत्या, तरी ती असं का म्हणाली, ते मी विचारलं नाही.

कुकर गेला. हळद निघायच्या दिवसांत तिचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "सुनो." आणि फोन यंत्राजवळ धरला. वाफेचा सूं सूं आवाज आला, टाकीचं झाकण आपटलं, आणि पुष्कळ बायका एकदम हसल्या. त्यांची भाषा मला कळत नव्हती. मी दुसऱ्या कानावर हात ठेवून ऐकत राहिले. लाइन तुटली, तरी थोडा वेळ रिसीव्हर तसाच धरून होते.

त्या बाईचा पुन्हा फोन आला नाही. बहुतेक यंत्र बिघडलंच नसेल. मी आणखी काही वर्षं फाट्यावर होते. मग नांदेडला खोली घेऊन हेच काम करू लागले, लोकांच्या साइट वर आणून द्यायचं. त्या खोलीतही मी एकटीच होते. मी नांदेडला निघाले तेव्हा बाबा माझी पेटी घेऊन जीपपर्यंत आले. ड्रायव्हरला म्हणाले, "पोरीला बराबर उतरव." मी परत आल्यापासून माझ्याबद्दल त्यांनी माझ्यासमोर काढलेले तेवढेच शब्द.