गॅलरीतून सोडलेली कळशी

आमचे हे कमालीचे अबोल. भाजीत मीठ नसलं तरी नुसते पानाकडे बघत बसायचे. मी साताऱ्याकडची, त्यामुळे दोघांच्या वाटचं बोलणं माझ्याकडेच.

आणि नोकरी काय, तर हवाईदलात, हेलिकॉप्टरच्या दारातून दोर सोडून अडकलेल्या माणसाला वर घ्यायची! वैमानिकाला खालचं काही दिसत नाही. दारातल्यानं सतत बोलत राहायचं, दोन फूट पुढे, एक डावीकडे, थांबा. तो गप्प झाला की वैमानिक आंधळा. चंदीगडला त्याचं पुढचं प्रशिक्षण चालू होतं आणि नेमक्या शेवटच्या क्षणी ह्यांची वाचा बसायची. एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले तर उडणं कायमचं बंद. ह्यांचा जीव त्या उडण्यात, म्हणून माझा जीव टांगणीला.

पंजाबात तेव्हा अतिरेक्यांचे दिवस, रोज काहीतरी वाईट घडायचं. शहरात कर्फ्यू लागला की आम्ही क्वार्टरमध्ये कोंडलेले. म्हटलं, चला, घरीच करू सराव. मी डोळ्यांना ओढणी बांधली, दोराला कळशी बांधून ती पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडली. मी वैमानिक, आणि हे कठड्यावरून वाकून सांगणार. खाली अंगणात ठेवलेल्या पाटावर कळशी टेकवायची.

"उजवीकडे एक पाऊल. दोर सोड. अजून थोडा." छान चाललं होतं. मग एकदम शांतता. मी आपली दोर सोडतेच आहे, तेवढ्यात खालून फटकन आवाज. खालच्या सरदारणीबाईंनी उन्हात ठेवलेली गोभी-गाजर-शलगमच्या लोणच्याची बरणी गेली. त्या बिचाऱ्या हसत बाहेर आल्या, पण मी भडकले. ओढणी ओढून काढली आणि विचारलं, "खाली माणूस असता तर? आत्ताच गप्प का बसलात?"

ह्यांनी खूप वेळ दोर गुंडाळला. मग म्हणाले, "घाबरलो की मला बोलता येत नाही."

मला गलबलून आलं. चार वर्षं मी ज्याला घुमेपणा समजून टोमणे मारले, ते हे होतं होय. मी म्हटलं, "मग तेच बोला. घाबरलोय म्हणा, पण बोला."

परीक्षेनंतर ह्यांचे वैमानिक साहेब स्वतः घरी आले. हसून हसून त्यांना सांगता येईना. शेवटच्या क्षणी ह्यांचा आवाज आला होता, सर, घबरा रहा हूँ, बाएँ दो फुट. आणि खालचा माणूस अलगद वर आला. हे पास. मी साहेबांना शिऱ्याचा दुसरा वाडगा भरून दिला.

त्याच आठवड्यात बस थांबवून माणसं मारल्याची बातमी आली. अशा संध्याकाळी हे नेहमी मुकाट्यानं दाराला कडी घालायचे आणि रेडिओशी बसायचे. त्या दिवशी कडी घातली आणि माझ्याकडे वळले.

"घाबरलोय गं," म्हणाले.

मी म्हटलं, "मी पण." मग आम्ही जेवायला बसलो.