तेवीस वायरी आणि अर्धा तास

शनिवारी आमच्या कॉलेजात एक प्रकार घडला. दोन दिवस झाले, डोक्यातून जातच नाहीये… म्हणून लिहून टाकते.

मी अकोल्यातल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. मूळची नांदगाव खंडेश्वरची, पण आई गेल्यापासून तिकडे जायला काही कारण उरलं नाही. लग्न केलं नाही. इथे दोन खोल्यांत एकटीच राहते.

नोकरीला लागले तेव्हा लॅबमधले सगळे कॉम्प्युटर एकाच लांब वायरवर ओळीने जोडलेले होते. खर्च कमी, पण मध्ये कुठेही एक जोड सैल झाला की अख्खी लॅब बंद. मग मी टेबलांखाली रांगत एकेक जोड तपासत बसायची.

पुढे स्विच आला. भिंतीवर एक डबा, आणि त्यातून प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःची वायर. एक तुटली तर तेवढा एकच बंद, बाकीच्यांना पत्ताही नाही. स्विचच गेला तर मात्र सगळेच ठप्प… शिवाय वायरींचा नुसता गुंता! पण तेव्हा इंटरनेट फक्त लॅबमध्येच होतं. अख्खा स्टाफ यायचा, खुर्च्या कमी पडायच्या.

मग कॉलेजभर वायफाय आलं. सोय झाली, हे खरंच. जो तो आपापल्या जागी बसून काम करायला लागला… आणि लॅबमध्ये यायचं कोणाला काही कामच उरलं नाही. काही दिवस तर असे जातात की सकाळचं ‘गुड मॉर्निंग’ सोडलं तर सुट्टी होईपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही.

गेल्या महिन्यात ठरलं, लॅबसुद्धा वायफायवरच चालवायची. वायफायचं असं की एकच वाट सगळ्यांनी वाटून घ्यायची. तीस कॉम्प्युटर एकदम कामाला लागले तर झेपणार नाही, हे मला कळत होतं. मीटिंगमध्ये मी तसं म्हटलंही… एकदाच, हळू आवाजात. कोणी लक्ष दिलं नाही, आणि मीही पुन्हा बोलले नाही.

शुक्रवारी वायरी उपसून खोक्यांत भरल्या. शनिवारी ऑनलाइन परीक्षा होती.

पेपर लॅबमधल्याच सर्व्हरवर उतरवलेला होता, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटची गरजच नव्हती. तरी दहाव्या मिनिटाला एकेक स्क्रीन अडकायला लागली. दुसऱ्या रांगेतली मूर्तिजापूरकडची एक मुलगी रडकुंडीला आली. “मॅडम, हे नुसतं गोल फिरून राहिलं… माहं उत्तर गेलं का?”

परीक्षा विभागाला फोन लावला. अर्धा तास पेपर थांबवता येईल म्हणाले, त्यात जमलं नाही तर पुढच्या आठवड्यात सगळ्यांना अमरावतीच्या केंद्रावर जावं लागेल. हे मुलांना सांगितलं, तशी ती मुलगी उठून माझ्याजवळ आली. मग म्हणाली, “मी कपड्याच्या दुकानात काम करतो मॅडम. मले पुन्हा सुट्टी नाही भेटत.”

स्विच अजून भिंतीवर होता. त्याला चोवीसच वायरी लागतात; नंतर घेतलेले सात कॉम्प्युटर पहिल्यापासून वायफायवरच होते. एक सर्व्हरला, उरल्या तेवीस. तेवीस मुलं वायरवर घेतली तर बाकीच्या सात जणांना वायफाय सहज पुरलं असतं… पण हे अर्ध्या तासात एकटीनं होणारं काम नव्हतं.

मी स्टाफरूमच्या दारात जाऊन उभी राहिले. कितीतरी महिन्यांनी. मोठ्यानं म्हटलं, “मला माणसं पाहिजेत… आत्ता लगेच.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उठलेच! मराठीच्या इंगळे मॅडम पदर खोचून टेबलांखाली शिरल्या. शिपाई वानखडे मामा खोके उचलून घेऊन आले. मी नंबर सांगत होते, ते वायरी ओढत होते. जमिनीवर नुसतं जाळं झालं, पण एकेक स्क्रीन जिवंत होत गेली. चार मिनिटं उरली असताना तेविसावी वायर बसली.

पेपर नीट पार पडला. ती मुलगी जाताना “येतो मॅडम” म्हणाली आणि पळत बस गाठायला गेली.

वायरी गुंडाळताना वानखडे मामा म्हणाले, “एक सांगू मॅडम? इतक्या सालात तुमी पयल्यांदाच काही मांगतलं आमाले.”

लोक येत नाहीत, याचा सगळा दोष मी वायफायला देऊन मोकळी झाले होते. मीसुद्धा कधी कोणाच्या टेबलाशी गेले नव्हते.

घरी आले. त्याच दोन खोल्या, तीच शांतता. एका दिवसात काय बदलणार… चहा केला, तो तसाच गार झाला. तेवढ्यात इंगळे मॅडमचा मेसेज आला, “पोचल्या का घरी?”

आई गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. पोचून तासभर होऊन गेला होता. तरी उत्तर लिहायला मला बराच वेळ लागला… अक्षरं नीट दिसत नव्हती.

थँक यू, इंगळे मॅडम. पोचले.