उजवी कळी

इब्रामपूरला देवीसमोर प्रश्न मांडायचा तर पिटकोळीच्या तांबड्या कळ्या न्याव्या लागतात. बाबाजी गुरव त्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे गप्प उभे राहतात. उजवी कळी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. पण डावी पडली म्हणून कोणी घरी परतलेलं नाही. बाबाजी कळी पुन्हा ओली करतो, गाऱ्हाणं जरा वळवून घालतो, आणि उजवी पडेपर्यंत हे असं चालतं. मग ती उजवी कळी पदराच्या टोकाला बांधून माणसं पायऱ्या उतरतात. डाव्या कळ्या बाबाजी दिवेलागणीला झाडून टाकतो.

सुमंगला गावस हिने आपल्या लेकीचा, शीतलचा, प्रत्येक प्रश्न असाच सोडवून घेतला. विज्ञानाला घालावी का, पुण्याला पाठवावी का, लग्नाचं थांबवावं का. शीतल लहानपणापासून आईच्या शेजारी उभी राहून बघत आली. डाव्या कळ्या तिनेही पाहिल्या होत्या. आठवणीत राहिल्या त्या उजव्या.

पुण्याच्या खगोलशास्त्राच्या संस्थेत प्रबंधासाठी तिच्या वाट्याला एक तारा आला. वृषभ राशीतला, नुसत्या डोळ्याला न दिसणारा. वयाने अगदी कोवळा, ज्या धुळीतून जन्मला ती धूळ अजून अंगाभोवती फिरत असलेला, आणि आपल्या सूर्याहून दुप्पट जड. अशा जड, कोवळ्या ताऱ्यांत चुंबकत्व क्वचितच सापडतं. सापडलं, तर भोवतालची धूळ ताऱ्यावर कशी ओढली जाते याचा धागा हाती येतो. पण ताऱ्याला हात कोण लावणार? आपल्यापर्यंत येतो तो फक्त उजेड. तो फाकवला की रंगांचा लांब पट्टा होतो, आणि त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. त्यातल्या काही रेघा ताऱ्यातल्या लोखंडाच्या. ताऱ्याचा उजेड उजव्या पिळाचा आणि डाव्या पिळाचा असा वेगळा करता येतो. उजव्या उजेडातली लोखंडाची रेघ डाव्यातल्या रेघेपासून केसभर सरकलेली दिसली तर ताऱ्यात चुंबकत्व आहे. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर नाही, किंवा आपल्याला कळण्याइतकं नाही.

हे तिने आईला एकदा चुलीजवळ बसून सांगितलं होतं.

"म्हणजे तुझ्या ताऱ्याकडेय उजवा-डावा आसा?" सुमंगला हरखली.

"आसा गो."

"मगे भियाचा नाय. तां आमच्याच वळणाचा काम."

तो केसभर फरक एका रात्रीच्या उजेडात दिसत नाही. पुष्कळ रात्रींचा उजेड एकत्र करावा लागतो. शीतल एकेक रात्र तपासून घेई. रेघा सरकलेल्या दिसल्या की ती रात्र ठेवी. सरकलेल्या नसल्या की त्या रात्रीत खोट शोधी. हवा विरळ ढगांची होती, दुर्बीण थरथरत होती, तारा फार खाली होता. खोट दर वेळी सापडायची, कारण खोट नसलेली रात्र नसतेच. ठेवलेल्या रात्रींची खोट तिने शोधली नाही. यात लबाडी नव्हती. तिला खरंच वाटत होतं की तारा हो म्हणतोय आणि आपण फक्त नीट ऐकायला हवं.

ठेवलेल्या रात्री एकत्र केल्या तेव्हा रेघा स्वच्छ दुभंगल्या. तिचा शोधनिबंध छापून आला. गावाने शाल आणि नारळ दिला. दूरच्या एका वेधशाळेने तिला जागा देऊ केली, ती त्या निबंधावरच. प्रबंध मंजूर झाला की रुजू व्हायचं. तोवर ती इब्रामपूरला आली आणि साखळी गावातल्या एका शाळेत तासावर शिकवू लागली.

प्रबंध तपासणाऱ्याने एकच गोष्ट मागितली. कुठली रात्र ठेवायची याचा नियम रेघा न बघता आधी ठरवावा, आणि मग सगळ्या रात्रींचा हिशेब मांडावा. शीतलला त्यात भीती वाटली नाही. रविवारी दुपारी तिने सोप्यावर कॉम्प्युटर उघडला, हवेचा आणि दुर्बिणीचा नियम ठरवला, आणि टाकलेल्या रात्री परत बोलावल्या. त्यांतल्या बहुतेक धडधाकट निघाल्या. ठेवलेल्यांपेक्षा वाईट तर मुळीच नव्हत्या. त्या मिसळल्या तशा दोन रेघा एकमेकींकडे सरकत गेल्या आणि शेवटी एकावर एक बसल्या.

सुमंगला अंगणात आमसुलं वाळत घालत होती. "तुझो तारो काय म्हणता गो?"

"काय नाय म्हणत."

"मगे परत बघ. एकदा बघून कोण सोडता?"

शीतलने आईकडे पाहिलं. आपण हे काम पुण्याला शिकलोच नव्हतो, हे तिला तेव्हा कळलं.

तिने पुण्याच्या मार्गदर्शक सरांना फोन केला आणि नवा हिशेब सांगितला. 

"काही रात्री वगळायला कारण असेलच ना?" ते म्हणाले.

"कारणं आहेत सर. सगळ्यांनाच आहेत."

"जागा जाईल, शीतल."

"हो सर."

निबंध मागे घेतला गेला. वेधशाळेचं उत्तर सभ्य होतं आणि दोन ओळींचं होतं. प्रबंधाचा मधला भाग गळाला, आणि उरलं त्यावर पदवी मिळेल असं कोणी म्हणेना. नव्याने वेध घ्यायला दुर्बीण कोण देणार? शिष्यवृत्तीची मुदत तर केव्हाच सरली होती. साखळीची शाळा तेवढी राहिली, तीही पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही म्हणत होती.

सुमंगलेने ते मानलं नाही. वैशाखातल्या एका सकाळी ती लेकीला देवळात घेऊन गेली. वृषभ त्या दिवसांत सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो. बाबाजीने कळ्या लावल्या, पोरीला तिच्या विद्येचं फळ मिळू दे म्हणून गाऱ्हाणं घातलं. डावी पडली.

"असां जाता," बाबाजी म्हणाला आणि कळीला हात घातला. "परत लावया."

"नको बाबाजी. पडली ती पडली."

"शाणी मगे तू! देवीक आमी येकदाच इचारतो काय?"

"मी एकदाच विचारतंय."

सुमंगलेचा चेहरा उतरला. "तुका काय नको तर भायर बस," ती म्हणाली.

शीतल बाहेर तुळशीपाशी जाऊन बसली. आतून बाबाजीचं गाऱ्हाणं ऐकू येत होतं, थांबत होतं, पुन्हा सुरू होत होतं. तुळशीची सावली तिच्या पायांवरून सरकून दगडावर गेली तेव्हा सुमंगला उन्हात डोळे मिचकावत बाहेर आली. तिच्या ओंजळीत कळी होती.

"दिली गो देवीन! उजवी दिली!"

"कितीदा लावून घेतलीस आई?"

"तां कोण मोजता?" सुमंगला म्हणाली, आणि लेकीची वेणी पुढे ओढून ती कळी तिच्यात खोवू लागली.