अण्णांच्या रुमालाची गाठ

आज सकाळी माझ्या रुमालाला गाठ दिसली. कशासाठी मारली होती, काही केल्या आठवेना, आणि मला अण्णा आठवले.

माझे वडील, अण्णा, काम विसरू नये म्हणून रुमालाला गाठ मारायचे. म्हातारपणी गाठी इतक्या वाढल्या, की नाक पुसायला शेजाऱ्यांचा रुमाल मागावा लागे. एका दुपारी त्यांनी एक गाठ माझ्यापुढे धरली. "ही कशाची रे?"

अण्णांना घाबरलेलं मी प्रथमच पाहत होतो. थापा मारण्यात मी अख्ख्या पेठेत पहिला. म्हणालो, "अहो, खडकवासल्याला कणीस खायचं तुम्हीच ठरवलंत की!"

स्कूटरवरून गेलो. धरणाच्या वाऱ्यात, लिंबू-तिखटाच्या बोटांनी त्यांनी गाठ सोडली. "चला, एक काम झालं!" ते असे हसले, की धरण दोन बोटं वर चढलं, शप्पथ! अण्णांना बेमालूम फसवलं, याच आनंदात मी परतलो.

आज मुलीला रुमाल दाखवला. ती म्हणाली, "अहो बाबा, मला मस्तानी पाजणार होतात ना?"

थाप लगेच ओळखली, घराण्याचीच होती. म्हणजे तेव्हा अण्णांनीही ओळखली असणार.

मी चपला घातल्या. गाठ मस्तानी संपल्यावर सोडेन, तिच्यासमोर.