लुनावरून इचलकरंजी: एका पावण्याच्या नावासाठी

कोल्हापूर–कागल रस्त्यानं आज जाल तर अर्ध्या तासात पोचाल आणि वाटेत काय पाहिलं ते आठवणारही नाही. मी सांगतेय ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि माझ्याकडे नवी कोरी लुना. शाळेत मुलींना शिवण शिकवून मी कावले होते. दिवाळीची सुट्टी लागली तशी ठरवलं, कागलजवळ मामाच्या गावी जाऊन दोन दिवस नुसतं लोळायचं. आई म्हणाली, "यष्टीनं जा." म्हणून मी लुनानंच गेले.

मामीसाठी ब्लाउजपीस नेला होता. जेवण झाल्यावर (भाकरी, खर्डा, दही, अजून तोंडाला पाणी सुटतं) तो बेतायला बसले आणि देवळीतली कात्री उचलली. पातं जेमतेम बोटाएवढं! कापडात घातली तर नुसती चावायला लागली.

"मामी, हिनं बेतायचं तर पुढची दिवाळी उजाडंल."

मामी धावतच आली. "ठेव ती! त्या पावण्याची हाय ती."

मामा तेव्हा गावचा पोलीस पाटील. त्यानं सांगितलं ते असं. सात वर्षांपूर्वी एका सकाळी हायवेच्या चरीत एक माणूस मेलेला सापडला. कुठल्यातरी गाडीनं उडवलं होतं आणि गाडीवाला पळाला होता. खिशात कागद नाही, फक्त ही कात्री. दंडावर ताईत होता, आत उर्दू अक्षरांची चिठ्ठी, म्हणून गावातल्या मुसलमानांनी त्याला आपल्या कबरस्तानात जागा दिली आणि मातीला सगळा गाव गेला. नाव माहीत नाही, म्हणून सगळे त्याला 'पावणं'च म्हणत. पंचनाम्यात लिहिलं, 'इसम शिंपी असावा.' मग निपाणीपासून कोल्हापूरपर्यंत शिंपी विचारून झाले. एकही शिंपी हरवलेला नव्हता. तपास थांबला. कुणी विचारत आलं तर द्यावी म्हणून कात्री मामाकडे राहिली.

मला हसावं की चिडावं कळेना. पंच म्हणून बसलेल्या पाच बाप्यांपैकी एकानं जरी जन्मात कधी कापड बेतलं असतं, तरी शिंपी हा शब्द कागदावर आला नसता!

"मामा, ही कापडाची न्हाय, दोरा तोडायची कात्री हाय. आणि मुठीला गुंडाळलंय ते बघ. हिरवं, तांबडं, मध्ये पिवळी गाठ. हे रिळाचं न्हाय, मागावरचं सूत हाय."

मामानं कात्री उजेडात धरून ती गाठ नखानं चाचपली. "सात वर्सं म्या शिंप्यांची दारं झिजवली की गं," म्हणाला आणि उठून फेटा बांधायला लागला. त्याला कसाबसा सकाळपर्यंत थोपवला.

माग म्हटले की इचलकरंजी, म्हणून दुसऱ्या दिवशी हुपरीमार्गे तिकडेच निघालो. लुनावर मागं मामा बसला की चढाला पायडल मारावंच लागतं, हे अनुभवानं सांगते. हुपरीत चहा घेतला आणि मामाला अर्धा चढ चालायला लावलं.

इचलकरंजी दिसायच्या आधी ऐकू येते. खटखट, खटखट, गल्लीगल्लीतून. पहिल्या दोन कारखान्यांत कुणाला काही ओळखेना. तिसऱ्यात शंकर नावाचा माग दुरुस्त करणारा जॉबर होता. त्यानं कात्री हातात घेतली आणि त्याचा चेहराच उतरला.

"ही दस्तगीरची!" तो माझ्या कानाशी ओरडला. "पाळी बदलली की कात्र्या बदलत्यात, म्हणून जो तो आपलं सूत गुंडाळतो. पिवळी गाठ त्येचीच. पर त्यो तर भिवंडीला पळाला की, बाई घेऊन!"

दस्तगीर दिसेनासा झाला त्याच आठवड्यात गल्लीतली एक बाई नाहीशी झाली होती. लोकांनी दोन आणि दोन जोडून मोकळं व्हायचं ठरवलं होतं.

दस्तगीरची बायको जैबून मागच्याच गल्लीत मागाच्या कांड्यांवर सूत भरत होती. शेजारी तिची अकरा-बारा वर्षांची मुलगी. शंकरनं आम्ही कोण ते सांगितलं. मामानं कात्री खिशातच ठेवली, मला डोळ्यानं गप्प केलं आणि एकच विचारलं, "बाई, तुमच्या मालकाच्या दंडावर काय व्हतं?"

"ताईत. काळं कापड न्हवतं घरात, तवा म्या निळ्या चिटाची पिशवी शिवलीती."

मामानं फेटा काढून हातात घेतला. निळ्या कापडाचं त्यानं मलासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्यानं सगळं सांगितलं. ती चरीचं ऐकून रडली नाही, कबरीचं ऐकून रडली नाही. फक्त म्हणाली, "कुठल्या रस्त्याला?"

"कागलच्या म्होरं. निपाणीकडं तोंड करून."

"नणंद निपाणीला हाय माझी. तिला आणतो म्हणून गेलते. सांच्याला येतो म्हणलेते. नणंद म्हणाली आलेच न्हाईत, तवा समदी म्हणली, पळाला."

मग ती उठली. मामाकडून कात्री घेतली, मुलीचा हात धरला आणि थेट कारखान्यात शिरली. शंकरनं मेन स्विच पाडला. सगळे माग एकदम थांबले आणि कानाला दडे बसले. त्या शांततेत ती गरजली, "बघा रं! माझा माणूस पळाला न्हवता! भनीला आणाय गेलता!"

एक म्हातारा विणकर पुढं आला आणि मान खाली घालून म्हणाला, "माफ कर पोरी, म्याबी बोललो व्हतो." माझ्या अंगावर काटा आला. आत्ता लिहितानाही आलाय.

तिसऱ्या दिवशी टेम्पो भरून माणसं मामाच्या गावी आली, निपाणीची नणंदही आली. कबरीवर चादर चढली. मामीनं शेजारणींना घेऊन शंभरेक भाकरी थापल्या, आणि मामा दिसेल त्याला सांगत फिरला, "पावण्याचं नाव घावलं!" उडवून गेलेला गाडीवाला कधीच सापडला नाही. त्याचा राग मला आजही येतो.

तुम्हाला हाच फेरा करायचा असेल तर दिवाळीनंतर जा. गुऱ्हाळं सुरू असतात, ताजा गूळ मिळतो. लुना मात्र नको.

घरी परतले तेव्हा आईनं विचारलं, "झालं का लोळून?" ब्लाउज अर्धवटच राहिला होता, तो पुढं मी शाळेत पूर्ण केला.

काही वर्षांनी टपालानं एक पत्रिका आली. जैबूनच्या मुलीचं लग्न होतं. मुलीच्या नावाखाली ठळक अक्षरात छापलं होतं, 'मरहूम दस्तगीर यांची कन्या'. मरहूम म्हणजे दिवंगत. 'मरहूम'च्या खाली कुणीतरी शाईनं दोन रेघा मारल्या होत्या. लग्नात मी जैबूनला विचारलं, तर ती हसत म्हणाली, "म्याच मारल्या. समद्या पत्रिकांवर."